रोनाचे चार

रोना मॅकऑस्लनचा आकडा चुकला. बातमी तशी छोटी. पण ज्या औषधविभागात ती एकतीस वर्षं शेवटची नजर टाकायला बसत होती, तिथल्या माणसांना ती कळली असती तर त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं असतं. ग्लासगोतल्या त्या मोठ्या इस्पितळाच्या तळघरात आधी एक जण गोळ्या मोजायचा, दुसरा पडताळायचा आणि मग डबी रोनापुढे यायची. तिची हिरव्या शाईतली बारीक सही पडल्याशिवाय एक गोळीसुद्धा वरच्या मजल्यावर जात नसे. रोनाबाई श्वासही दोनदा मोजून घेतात म्हणून त्या एवढ्या सावकाश बोलतात, असं तिथली पोरं तिच्यामागे म्हणत. ते तिला ठाऊक होतं, आणि कितीजणं म्हणतात तेही ठाऊक होतं. गुरुवारी दुपारी अठ्ठावीस गोळ्यांच्या डबीत ती एकोणिसाव्या गोळीवर असताना कोटाच्या खिशात फोन थरथरला. कामात फोन बघायचा नाही हा नियम तिनेच भिंतीवर लावलेला. तिने बघितला. नंबर अनोळखी होता. 'शनिवारी दहा वाजून दहा मिनिटांनी माझं कार्ड तू लिहायचंस. पेन्सिल घेऊन ये. एल्स्पेथ.' रोनाने फोन खिशात ठेवला आणि पुन्हा मोजायला घेतलं. सत्तावीस आल्या. मग एकोणतीस. मग तिने डबी शेजारच्या पोरीपुढे सरकवली आणि म्हणाली, "तू बघ गं जरा," आणि ती पोर डबीकडे न बघता रोनाकडेच बघत बसली.

कान गरम झाले होते. गुडघ्यांत काहीतरी फसफसत होतं, लिंबाच्या सोड्याची बाटली हलवून उघडावी तसं. आपल्याला भीती वाटते आहे असं ती आधी धरून चालली, कारण अठ्ठावन्नाव्या वर्षी शरीरात काही नवीन झालं की बाईमाणसाने आधी भीतीच धरायची असते. पण बसमध्ये बसल्यावर खिडकीच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि तो चक्क हसत होता. समोरच्या म्हाताऱ्याला वाटलं आपल्यालाच हसते आहे. त्याने टोपी नीट केली. बेचाळीस वर्षं. हा आकडा मात्र तिला मोजावा लागला नाही.

नवऱ्याला, मर्डोला, तिने जेवताना सांगितलं. "शनिवारी पिटलॉरनला जाते आहे."

मर्डोचा काटा बशीत थांबला. तीस वर्षांच्या संसारात त्या गावाचं नाव तीनदा निघालं होतं, आणि तिन्ही वेळा रोना भांडी घासायला उठली होती. "गोल्फ बघायला? तू? टीव्हीवर गोल्फ लागला की स्वयंपाकघरात जातेस ती तू?"

"कार्ड लिहायला."

"कुणाचं?"

"एल्स्पेथ इनिसचं."

"ती जिवंत आहे?"

"मेसेज केलाय, म्हणजे असावी."

मर्डोने बटाट्याचा घास संपवला. मग म्हणाला, "तुझा चेहरा असा मी एकदाच बघितलाय. तेव्हा तू मला हो म्हणाली होतीस. म्हणून विचारतो, परत येणार आहेस ना?" रोनाने त्याला टॉवेल फेकून मारला. रात्री तिने पेन्सिली काढल्या आणि सहांना टोक केलं. सहा कशाला, असं मर्डोने विचारलं नाही. एकाच पेन्सिलीवर विसंबणाऱ्या बाईशी आपलं लग्न झालेलं नाही, एवढं त्याला कळत होतं.

शनिवारी पहाटे निघून एडिंबरोला गाडी बदलून ती खाडीवरच्या तांबड्या पुलावर आली तेव्हा ऊन नुकतं पाण्यावर उतरत होतं. खाली जहाजं खेळण्यासारखी दिसत होती आणि गाडीचा आवाज पोकळ झाला होता. पूल ओलांडला की हवेचा वास बदलतो, असं लहानपणी ती आणि एल्स्पेथ एकमेकींना सांगत. कोण आधी ओळखतं याची पैज लागे. आजही तिने खिडकीची फट उघडून नाक बाहेर काढलं. पहिली मी, तिने मनात म्हटलं, आणि शेजारी कुणी नाही हे लक्षात येऊनही तिला जिंकल्यासारखं वाटलं. दोघींत मिळून काठ्यांची एकच पिशवी होती तेव्हा. एल्स्पेथच्या मामाच्या जुन्या काठ्या, सात, त्यातली एक वाकडी. एक जण मारायची, पिशवी दुसरीकडे टाकायची, मग दुसरी मारायची. एल्स्पेथ मारायची ती दात ओठ खाऊन, जणू चेंडूने तिच्या घराण्याचा अपमान केला आहे. रोना मारायची ती चेंडूची परवानगी घेऊन. गावात सगळ्यांना माहीत होतं की एल्स्पेथ कधीतरी पदक घेणार आणि रोना कधीतरी तिच्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजवणार. रोनालाही माहीत होतं. त्यात दुःख नव्हतं. शेजारी उभं राहायला चांगली जागा मिळणं हीसुद्धा एक मिळकत असते, असं तिला वाटे, आणि सोळाव्या वर्षी असं वाटणारी पोर पुढे दुसऱ्यांच्या गोळ्या मोजणार, यात नवल काय?

मग तो मे महिन्यातला शनिवार. मुलींच्या वसंत-पदकाचा. स्पर्धेत दोघी जोडीने खेळल्या की एकीने दुसरीचं कार्ड लिहायचं, ही त्या खेळाची रीत. स्वतःचे फटके स्वतः लिहायचे नाहीत. आपली लबाडी आपल्याला दिसत नाही, मैत्रिणीला दिसते, असा त्यामागचा हिशोब असावा. शेवटी खेळणारीने कार्ड वाचून सही करायची. खऱ्यापेक्षा जास्त आकडा लिहिला गेला तर तो सोसायचा, कमी लिहिला गेला तर बाद. सतराव्या होलवर एल्स्पेथचा पहिला चेंडू उजवीकडे गेला, व्हिनच्या झुडपांत. पिवळ्या फुलांची ती काटेरी झुडपं म्हणजे पिटलॉरनच्या बायकांची वाळत घालायची दोरी. गोल्फ यायच्या आधीपासून तिथे धुणं टाकायचा गावाचा हक्क आहे आणि क्लबाच्या किती साहेबांनी डोकी आपटली तरी तो गेलेला नाही. त्या दिवशी तिथे एल्स्पेथच्या आईचीच, एफी इनिसबाईंची, चादर पसरलेली होती. दोन उंच झुडपांवर ताणलेली, पडद्यासारखी. एल्स्पेथ त्या चादरीमागे गेली. ऊन मागून येत होतं. चादरीवर तिची सावली उभी राहिली, काठी वर गेली, खाली आली. चेंडू बाहेर उडाला, हिरवळीवर पडला, दोन हलक्या टोल्यांत भोकात गेला. म्हणजे एक, दोन, तीन, चार. "चार," असं कुणीतरी म्हणालं. रोनाच्या आठवणीत तो आवाज तिचा स्वतःचा होता. तिने चार लिहिले. एका फटक्याने एल्स्पेथ जिंकली, तिने सही केली, पदकाची मखमली डबी उघडली गेली, आणि तेवढ्यात काखेत धुण्याचं बोचकं घेऊन एफी इनिसबाई आल्या आणि सगळ्यांदेखत, कौतुकाने, हसत म्हणाल्या, "काय मारतेस गं सटवे! पहिला झोका तर माझ्या उशीच्या अभ्र्यालाच लागणार होता. चेंडू राहिला जागेवर आणि मीच ओरडले झुडपाआडून!" चेंडूला न लागलेला फटकाही फटकाच असतो. डबी मिटली. ती मिटल्याचा आवाज, टच, रोनाला पुढे बेचाळीस वर्षं दर झाकणातून ऐकू आला. ऑगस्टमध्ये वडिलांची बदली ठरलेलीच होती. दोघी भेटल्या नाहीत. गावाने काय ठरवलं ते जाताना तिला न सांगता कळलं: इनिसांची पोर खेळाच्या नादात होती, तिने आपला विश्वासाने अंगठा उठवला, मोजायचं काम रोनाचं होतं. रोनानेही तेच ठरवलं. चादरीवर सावली एकदा हलली की दोनदा? त्या दिवसातलं तिला सगळं आठवायचं, उशीच्या अभ्र्यावरची निळी वेलसुद्धा, आणि नेमकं तेवढंच नाही.

रेल्वेतून उतरून धरलेली बस समुद्राला खेटून चालली होती. गाव दिसायच्या आधी त्याचा वास आला, मेमध्ये येतो तो, व्हिनच्या फुलांचा, ओल्या खोबऱ्यासारखा. रोनाच्या पोटात एकदम लहान मूल धावल्यासारखं झालं. ती उतरली तेव्हा साडेनऊ व्हायचे होते. रस्ता तोच, फक्त अरुंद झालेला. चर्चचं घड्याळ अजून चार मिनिटं मागे. मागे की पुढे, हे तपासायला ती थांबली, आणि मग तपासलं नाही. भूक लागली नव्हती, पण रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून ती कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरली. गल्ल्यामागे विशीतली एक पोर, नाकात खडा, हातभर पीठ.

"काय देऊ, बाई?"

"चार स्कॉन दे."

पोरीने कागदी पिशवीत स्कॉन टाकले. एक, दोन, तीन, चार, आणि पाच. रोनाचा हात आपोआप वर झाला. "पाच झाले गं."

"असू दे. रोनाचे चार."

"कुणाचे?"

"तुम्ही बाहेरच्या ना? इथे असंच म्हणतात. चार मागितले आणि पाच दिले की रोनाचे चार. माझी आजी म्हणायची, आई म्हणते. तिला चार मुलं हवी होती, पाचवी मी नंतरची, मलाही घरात रोनाचे चार म्हणतात." पोर हसली. "कोण होती देव जाणे ही रोना. पण बाई मोठ्या मनाची असणार."

रोना पिशवी घेऊन बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ती हसत होती की काय करत होती हे तिला नीट कळेना; डोळ्यांतून पाणी मात्र येत होतं. एकतीस वर्षं आपण एका तळघरात खाली मान घालून भरपाई करत होतो, आणि इथे आपल्या नावाने लोक एकमेकांना एक स्कॉन जास्त देत होते! गावाला कुणाला माफ करायचं असेल तर ते आधी त्याची म्हण करतं, तिला वाटलं. आणि लगेच दुसरं वाटलं: म्हण झाली म्हणजे आता खोडताही यायची नाही. पिशवी हातात गरम होती. तिने पाचवा स्कॉन काढला आणि उभ्याउभ्या खाऊन टाकला, घाईने, चोरासारखा, आणि तो फार चांगला होता.

पहिल्या होलपाशी लाकडी खोपटात डूगल्ड बसला होता. तेव्हाही तोच बसायचा, नावं पुकारायला; तेव्हा तो तिला म्हातारा वाटायचा, आता खरोखरच झाला होता. त्याने चष्म्यावरून बघितलं. "रोना? तीच रोना?"

"किती रोना आहेत तुमच्याकडे?"

"एकच. पण तिचे चार आहेत." तो स्वतःच्या विनोदावर खोकेपर्यंत हसला. "कमिटीने परवानगी दिलीय बरं का तुला, न खेळता कार्ड लिहायची. दोन बायकांनी नाकं मुरडली. एल्स्पेथने त्यांना सांगितलं, हिच्याइतकं कार्ड कुणी मनावर घेतलेलं तुम्ही बघितलंय का? त्यावर कुणाला बोलता येईना. ती बघ आली तुझी. शेवटचा नंबर तिचा. पोरींनो, भांडू नका, मागे पाहुण्यांची रांग आहे."

एल्स्पेथ आली ती काठ्यांची पिशवी ओढत, वाऱ्यात केस उभे, पांढरे आणि दांडगे. कंबर रुंद झालेली, चाल तीच, घराण्याचा अपमान झालेली. ती गावात चार खोल्यांचं पाहुणेघर चालवत होती, हे रोनाला नंतर कळलं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मिठी मारायची की हात मिळवायचा याचा निकाल लागेना, आणि निकाल लागायच्या आत एल्स्पेथने कार्ड पुढे केलं.

"पेन्सिल आणलीस?"

"सहा."

"सहा?" एल्स्पेथच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "एवढे का मी चुकणार आहे?"

"स्कॉनही आणलेत. चार."

"मोजलेस?"

"मोजले."

"आई गेली जानेवारीत," एल्स्पेथ चेंडू ठेवता ठेवता म्हणाली, जमिनीकडे बघत. "चल." आणि तिने मारला. तो आवाज! रोनाला वाटलं होतं आपण तो विसरलो. कोरडा, स्वच्छ, सुकी फांदी मोडावी तसा. आणि चेंडू वर, वर, समुद्राच्या बाजूने वळत, निळ्यात एक टिंब, मग नुसती नजर. तिच्या तळपायापासून काहीतरी उसळलं. "बसला!" ती ओरडली. कार्ड लिहिणाऱ्याने ओरडायचं नसतं. डूगल्डने खोपटातून बोट दाखवलं, तिने जीभ चावली, आणि दोघी चालू लागल्या.

चालत राहण्यात एक सुख होतं जे ती मोजू शकत नव्हती, म्हणून तिने ते तसंच राहू दिलं. लवचीक गवत, खाली वाळू, पाऊल टाकलं की जमीन किंचित वर ढकलते. ती लिहीत होती: पाच, चार, चार, सहा. प्रत्येक आकडा लिहायच्या आधी ती मोठ्याने म्हणे आणि एल्स्पेथ मान हलवे. जास्त बोलणं नव्हतं. विचारायच्या गोष्टी रोनाच्या डोक्यात गोळ्यांसारख्या डब्या भरून तयार होत्या: तू लग्न केलंस का, तू मला शिव्या दिल्यास का, किती दिल्यास, आज का बोलावलंस? पण प्रत्येक वेळी चेंडू उडायचा आणि प्रश्न त्याच्यामागे जायचे. एल्स्पेथ चांगली खेळत होती. फार चांगली. दहाव्यानंतर तिच्या गालांवर दोन लाल ठिपके उमटले, सोळाव्या वर्षी उमटायचे तसे, आणि ते बघताच रोनाला कळलं की ही नुसती भेट नाही. ही बया जिंकायला निघाली आहे. वसंत-पदक. आता बायकांचं, पण पदक तेच, मखमली डबीही तीच असेल. बेचाळीस वर्षांत ते एल्स्पेथला एकदाही मिळालेलं नव्हतं. हे तिने चौदाव्यावर सांगितलं, सहज, नाक पुसत. "तीनदा दुसरी. दोनदा पावसाने वाहून गेलं. एकदा माझाच पाय मोडला. आई म्हणायची, तुझं पदक झुडपात पडलंय, शोधत बस."

सोळाव्यापाशी डूगल्ड वाट बघत उभा होता, बॅटरीवरच्या छोट्या गाडीतून आलेला. सगळ्या बायका संपवून बसल्या होत्या. "नॅन चौऱ्याऐंशीवर पहिली आहे," तो म्हणाला. "मी काही सांगितलं नाही हं तुम्हाला." रोनाने कार्डावर नजर टाकली. सोळा होलचे चौऱ्याहत्तर. उरलेल्या दोन होलमध्ये नऊ फटके लागले, पाच आणि चार, तर एल्स्पेथ एका फटक्याने पहिली. तिची पेन्सिल ओली झाली होती, घामाने. ती बदलली.

सतराव्यावर उभं राहून तिने समोर बघितलं. उजवीकडच्या व्हिनच्या झुडपांवर, पिवळ्या फुलांच्या रांगेत, पांढरी चादर. ताणलेली. वाऱ्याने पोट फुगवून बसलेली.

"ही कुणाची?" रोनाने विचारलं.

"माझी. पाहुणेघराच्या चादरी आहेत. शनिवारी धुणं असतं." एल्स्पेथ काठी निवडत होती. "अमेरिकन येतात, फोटो काढतात. त्यांना वाटतं कुणीतरी विसरलंय." मग तिने मारला आणि चेंडू उजवीकडे वळला. मुद्दाम? असं कुणी मुद्दाम मारू शकत नाही. आणि पदक हाताच्या अंतरावर असताना मारणारही नाही. दोघी बघत राहिल्या. चेंडू झुडपांत, चादरीमागे, गडप झाला. एल्स्पेथने एक शिवी घातली, ती एफी इनिसबाईंची आवडती शिवी होती, आणि चालू लागली. रोनाही गेली, आणि आपले पाय कुठे थांबले हे तिला थांबल्यावर कळलं. तीच जागा. तोच उंचवटा, डाव्या पायाखाली तोच खळगा. एल्स्पेथ चादरीमागे गेली. ऊन मागून येत होतं.

सावली उभी राहिली. आणि रोनाने बघितलं की ती किती स्पष्ट आहे. हाताची बोटं दिसत होती. वाऱ्यावरचे केस दिसत होते. काठी वर गेली, टोकाचा लोखंडी भाग दिसला, खाली आली, फुलं उडाली, चेंडू बाहेर आला नाही. दोन. सावली वाकली, सरळ झाली, पुन्हा काठी वर गेली. तीन. चेंडू उडाला आणि हिरवळीच्या अलीकडे पडला. रोना हललीच नाही. हे न दिसणं शक्यच नव्हतं. आंधळ्यालाही दिसलं असतं. म्हणजे तेव्हाही दिसलं होतं. एकदा नाही, दोनदा. तिला आता वाऱ्यासह, वेलीसह, सगळं दिसलं, पहिल्या झोक्यानंतर सावलीने खांदे पाडले तेसुद्धा. बेचाळीस वर्षं ती आपल्याला मोजता आलं नाही म्हणून मोजत होती, आणि मोजणं तर अगदी बरोबर झालं होतं! हसू फुटेल की ओरडू हे तिला कळेना. छातीत ते मूल पुन्हा धावत होतं, आता दार उघडं सापडल्यासारखं. चौथा फटका हिरवळीवर. पाचवा भोकाच्या काठावरून फिरून परत. सहावा आत.

एल्स्पेथने चेंडू उचलला, पुसला, आणि रोनाकडे न बघता विचारलं, "पाच ना?"

समुद्राचा आवाज येत होता. पेन्सिल कार्डावर होती. पाच लिहिलं, अठरावा चारात झाला, की पदक. एफी इनिसबाई आता कुठल्या झुडपाआडून येणार नव्हत्या. बघणारं कुणीच नव्हतं, रोना सोडून. आणि समोर सोळा वर्षांची तीच मान, तीच खाली घातलेली, उत्तराची वाट बघणारी. हो म्हटलं तर ती आनंदाने वर बघेल. नाही म्हटलं तर कदाचित आणखी बेचाळीस वर्षं. एवढी दोघींकडे आता नव्हती.

"सहा," रोना म्हणाली. आवाज मोठा निघाला, तळघरात कुणी कधी ऐकला नव्हता तेवढा. "एक सुरुवातीचा मारलास. दोन चादरीमागे, त्यातला पहिला नुसता फुलांना लागला. चौथा, पाचवा, सहावा. सहा, एल्स्पेथ. आणि त्या दिवशी पाच होते."

एल्स्पेथने वर बघितलं. लाल ठिपके कानांपर्यंत पसरले होते. "त्या दिवशीही तू अशीच थांबली होतीस," ती म्हणाली. "पेन्सिल वर धरून. मी म्हणाले, चार ना? तू माझ्याकडे बघितलंस. तुला माहीत होतं, मला माहीत होतं. मग तू लिहिलंस."

"तू म्हणालीस? चार तू म्हणालीस?"

"मग कोण, गाढव म्हणालं? फटके माझे होते!" एल्स्पेथने काठी गवतात आपटली. "मी कार्ड वाचलं, रोना. वाचून सही केली. आणि सगळे तुला बोलले तेव्हा गप्प बसले. आई शेवटपर्यंत म्हणायची, मला झुडपाआडून दिसलं तर त्या पोरीला समोरून दिसलं असेलच. तिला बोलाव आणि एकदा तिच्या तोंडावर सांग. मला लाज वाटायची. आणि रागही यायचा."

"राग? कुणाचा?"

"तुझा! मी म्हणाले आणि तू लिहिलंस! नाही म्हणायला काय झालं होतं तुला? एवढी एकच बाई होती गावात जी मला नाही म्हणू शकली असती."

 एकतीस वर्षांची हिरवी शाई रोनाच्या डोळ्यांपुढून गेली, सगळ्या त्या बारीक सह्या, आणि त्या वाया गेल्या असं तिला वाटेना. कुणाकुणाच्या पोटात बरोबर गोळी गेली असेलच की. "मला तू जिंकायला हवी होतीस," ती शेवटी म्हणाली.

"मला पण," एल्स्पेथ म्हणाली, आणि नाक ओढलं. "लिही. सहा. नीट काढ, तुझे सहा शून्यासारखे दिसतात."

अठराव्यावर पाच लागले. पंच्याऐंशी. एका फटक्याने दुसरी, चौथ्यांदा. रोनाने बेरीज केली, एकदाच, आणि कार्ड एल्स्पेथकडे दिलं. पुन्हा तपासायला तिचा हात पुढे झालाच नाही, आणि हे तिच्या लक्षात आलं तेव्हा कार्ड डूगल्डच्या खिडकीतून आत गेलेलं होतं. सही करण्याआधी एल्स्पेथने एकेक आकडा बोट ठेवून वाचला होता, पहिलीतल्या मुलीसारखा. नॅनला डबी मिळाली. दोघींनी टाळ्या वाजवल्या, रोनाने जरा जास्तच, कारण तिला त्याची सवय होती आणि आज हातांना थांबावंसं वाटत नव्हतं. मग एल्स्पेथ म्हणाली, "चल, धुणं काढायचंय. उद्या रविवार, उद्या इथे कुणी खेळत नाही, सगळं गाव कुत्री घेऊन फिरतं. तू थांबते आहेस. एक खोली रिकामी ठेवलीय."

"मर्डोला सांगावं लागेल."

"त्याला सांग, ती जिवंत आहे."

"तुला कसं कळलं तो असं म्हणाला?"

"कुणीही म्हणेल, बये."

झुडपांवरून चादर सोडवताना काट्यांनी दोघींच्याही बोटांतून रक्त काढलं. हिरवळीपलीकडे पाहुण्यांची चौकडी आली होती आणि हात उंचावून काहीतरी ओरडत होती, बाजूला व्हा, आम्हाला मारायचंय. "थांबा!" एल्स्पेथ त्यांच्याहून मोठ्याने ओरडली. "तुमच्या आधीपासून आमचं धुणं आहे इथे!" वाऱ्याने चादर ओढली, रोनाने दोन टोकं घट्ट धरली, समोर एल्स्पेथने दोन. दोघी एकमेकींकडे चालत आल्या, हाताला हात लागला, रोनाने वाकून खालची घडी उचलली, पुन्हा मागे गेल्या, पुन्हा चालत आल्या. चादरीला ऊन आणि खोबरं असा वास येत होता. एल्स्पेथने घडी छातीशी धरली.

"किती घड्या झाल्या?"

"चार," रोना म्हणाली.

"खरे, की रोनाचे?"

"मोजून घे," रोना म्हणाली, आणि पलीकडे ओरडणाऱ्या पाहुण्यांना हात करून दुसरी चादर काढायला झुडपांत शिरली.